पापणीच्या आतला रंग

मी तांदूळ चोरत होते. शिजवलेले नव्हे, कच्चे. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, घरात धानाला तोटा नव्हता, आणि घरची सून आपल्याच स्वयंपाकघरात डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं ते शिकली होती. मूठभर तांदूळ गालात धरायचे, जरा भिजू द्यायचे आणि मग दाढेखाली एकेक फोडायचे. जुना तांदूळ कडक लागतो, नवा लवकर पिठाळ होतो, आणि धुऊन निथळत ठेवलेल्याला तर तोड नाही. त्यातून आमच्याकडचा सुगंधी चिन्नोर असला तर नुसत्या वासाने माझे पाय डब्याकडे वळत. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र मला वाटायचं, आपल्याला वेड लागत चाललंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिघोरीतलं माझं सासर तीन माणसांचं. सासू, नवरा आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नवरा आईला माय म्हणे म्हणून मीही माय म्हणू लागले, पण तो शब्द तोंडात बसायला फार दिवस लागले. सासू उंच, हडकुळी. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, ओळीत तिच्या पुढे कोणी जात नसे, आणि बोलण्यात तर कोणी तिच्या वाटेलाच जात नसे.

मी लाखनीची. हायवेला लागून बाबांचं किराण्याचं दुकान होतं, ट्रकवाले माचिस, बिड्या, साखर घ्यायला थांबत. चिखल मी पाहिला होता, त्यात उतरले नव्हते. सासरी आले त्या दिवशी सासूने माझ्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या. वडीलधाऱ्यांपुढे सुनेने चप्पल घालून चालायचं नाही, ही रीत. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, तर कोणीच घालत नाही, लक्ष्मीच्या अंगावर का कोणी चपला घालून चढतं? रीत मला पटली होती. वाईट वाटलं ते चपला नव्या होत्या म्हणून.

पहिल्या रोवणीत पायाच्या बोटांमध्ये अशी खाज सुटली की मी रक्त निघेपर्यंत खाजवत बसायची. "चिखल्या होत. सर्वायलेच होतात. तेल लाव," सासू म्हणाली. सकाळी आम्ही बाया तलावाच्या पाळीमागे, बांधाच्या आडोशाला, परसाकडे जायचो आणि तिकडूनच, त्याच ओल्या वाटेने, बांधीत. सगळ्या गावाच्या बाया तशाच जात. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे कोणाला सुचायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या रोवणीला मी निम्मीही राहिले नव्हते. पाळीचा चढ चढला की छाती भरून यायची आणि कानात धडधड ऐकू यायची, शेजारच्या घरात कोणी धान कांडत असावं तशी. सकाळी तोंड सुजलेलं. नखं चपटी होत चालली होती. एक दिवस रोवता रोवता मी ओळीतच चिखलात बसकण मारली, आणि त्या दिवसापासून गावभर माझ्या रोगाची कारणं शोधणं सुरू झालं. कोणी म्हणालं नजर लागली. कोणी म्हणालं दिवस गेले असतील. दिवस गेले नव्हते, तेव्हा तोही माझाच गुन्हा ठरला. आणि एक जण सासूला म्हणाली, माहेरचीच रोगट असेल, पाहून केली नाही तुम्ही. ते वाक्य सासूच्या मनात रुतून बसलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच आठवड्यात तिने मला डब्यापाशी पकडलं.

"किती दिवसापासून खाऊन राहिली?"

माझे गाल फुगलेले. तोंडात तांदूळ होते.

"तरीच! मी म्हणत होती, पोरगी पांढरी काहून पडून राहिली. तांदूळ पोटात गेले का रक्ताचं पाणी करतेत, हे तुया मायनं नाई सांगतलं तुले?"

सांगितलं होतं. धानाच्या मुलखात हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. कच्चे तांदूळ खाल्ले की माणूस पांढरं पडतं. मलाही ते शंभर टक्के खरं वाटत होतं, आणि म्हणूनच मी मनातून इतकी घाबरले होते. प्रत्येक घासाबरोबर आपण आपलं मरण चावतोय हे समजूनही मी खात होते. सकाळी शपथ घ्यायची आणि दुपारी मोडायची. असल्या माणसाला दुसऱ्याने काय शिव्या द्यायच्या, मीच मला देत होते.

सासूने डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला अडकवली. मला वाटलं, सुटले. आता रक्त वाढेल. पण रक्त वाढलं नाही. उलट चुलीपाशी बसले की पोतेऱ्याच्या मातीचा वास मला बोलवायला लागला. आणि त्याहून विचित्र म्हणजे, कुलपातले तांदूळ कमी होत होते.

ते नवऱ्याच्या लक्षात आलं. तो वाईट माणूस नव्हता, पण आईचा शब्द त्याच्यासाठी दगडावरची रेघ होता. एका दुपारी जेवताना त्याने विचारलं, "कुलूप लावूनबी तांदूळ कमी होऊन राहिले. मायची किल्ली काढते का तू?"

मी शपथा घेतल्या. सासू तिथेच विळीवर वांगी चिरत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, ही आता काहीतरी लागट बोलेल, पण ती चिरतच राहिली. नवऱ्याने विश्वास ठेवला नाही हे मी समजू शकत होते. भीती वेगळीच होती. मलाच माझी खात्री वाटेना. झोपेत तर मी किल्ली काढत नसेन? सकाळी उठल्यावर मी जीभ दातांवरून फिरवून पाहायची, कुठे तांदळाचा कण अडकलाय का.

दसरा झाल्यावर सासूने नवऱ्याकडून बाबांना पोस्टकार्ड लिहवून घेतलं. पोरीची तब्येत बरी राहत नाही, तरी पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जाणे. एवढंच. पण 'घेऊन जाणे'चा अर्थ मला माहीत होता. लाखनीत आमच्याच गल्लीतली एक मुलगी अशीच तब्येतीसाठी माहेरी आली होती. महिन्याभराने तिची भांडी बैलगाडीतून आली, आणि मग ती तिथेच राहिली, भाच्यांना आंघोळी घालत. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईना. बाबांच्या दुकानात मी बसलेय, ट्रकवाल्यांना माचिस देतेय आणि केस पांढरे होतायत.

त्यानंतर दोन दिवसांनी सासू म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले दवाखान्यात जाऊ." मला क्षणभर बरं वाटलं. आली बाई दया, असं वाटलं. लगेच तिने पुढचं सांगितलं.

"इवाईले कागद दाखवाचा हाये. रोग तिकडूनच घेऊन आली, हे डाक्टरनंच लिहून देल्लं पायजे. मंग कोणी आपल्याले नावं ठेवणार नाई."

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. म्हणजे ती मला बरं करायला नेत नव्हती, माझ्याविरुद्ध पुरावा आणायला नेत होती. आणि मी तिच्या शेजारी बसून तिकिटाचे पैसे देणार होते.

एसटी लाखनीतून गेली तेव्हा मी खिडकीकडे वाकले. बाबा दुकानात तराजू धरून उभे होते. मान खाली, काट्याकडे लक्ष. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सासूनेही त्यांना पाहिलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. गाडी पुढे गेली.

दवाखान्यातली डॉक्टर बाईच होती. तिने माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून आत पाहिलं, जीभ पाहिली, नखं पाहिली. मग विचारलं, "माती, खडू, तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का?"

मी खाली पाहिलं. सासूने संधी सोडली नाही. "खाते! मुठी भरभरून खाते! त्याच्यानंच त रक्ताचं पाणी झालं."

"उलटं आहे, बाई. तांदळाने रक्त कमी होत नाही. रक्त कमी झालं की असलं काहीबाही खावंसं वाटतं."

सासूने तिच्याकडे असं पाहिलं, की ही शिकली तरी कुठे. मी मात्र ते वाक्य मनात तीनदा म्हणून पाहिलं. खाते म्हणून पांढरी नाही, पांढरी म्हणून खाते. इतके महिने मी ज्याचं पाप वाहत होते, ते पापच नव्हतं.

"मंग रक्त गेलं कोठी?" सासूने विचारलं.

डॉक्टर एकेक विचारत गेली. पाळीत फार जातं का? नाही. घरात बाया कधी जेवतात? सर्वांच्या मागून, उरेल ते. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "काहींच्या रक्ताच्या पेशीच जन्मापासून वेगळ्या असतात. विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मोडतात. आपल्या भागात ते आढळतं. आईबापांकडून येतं."

सासू पुढे सरकली. "म्हंजे माहेराहून?"

"तसं असेल तर, हो."

"हेच लिहून द्या."

"आधी तपासू तर द्या," डॉक्टर म्हणाली. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अनवाणी चालतेस? लग्नाआधीही?" मी सांगितलं, आधी चप्पल घालत होते. तिने बोटातून रक्त घेतलं, काचेवर थेंब टिपले आणि सांगितलं की उद्या सकाळी माचिसच्या डबीत संडास आणायचं. पोटात जंत असले तर त्यात दिसतील.

आम्ही उठलो, तेवढ्यात तिने सासूकडे नीट पाहिलं. दारच्या चार पायऱ्या चढून आलो त्याला बराच वेळ झाला होता, तरी सासू तोंडाने श्वास घेत होती.

"तुम्ही या इकडे. वर बघा."

"मी बिमार नाई, बाई. मी रोवणीत सर्वायच्या समोर रायतो."

डॉक्टरने ऐकलं नाही. तिने पापणी ओढली. मी बाजूलाच होते, मला स्वच्छ दिसलं. आत लाल असं काही नव्हतंच. डॉक्टरने पापणी सोडली. मग म्हणाली, "तुम्हीही बोट द्या. आणि उद्या दोन डब्या आणा."

रात्री सासूच्या नात्यातल्या एका घरी राहिलो. पितळी भांडी घडवणारे लोक, दिवेलागणीपर्यंत ठोकाठोक चाललेली. मला त्या आवाजाचा त्रास झाला नाही, मला कशाचाच आवाज येत नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून एकच मागत होते. देवा, पेशी वाकड्या निघू देऊ नको, जंत निघू दे. पोटात जंत निघावेत म्हणून देवाला साकडं घालणारी सून त्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

सकाळी सासूने दोन्ही डब्या पदराखाली धरून भंडाऱ्याच्या रस्त्याने नेल्या. "हे कोणाले सांगू नोको," तिने मला तीनदा बजावलं. मी वचन दिलं होतं. ते आज मोडते आहे.

दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग आत बोलावलं. डॉक्टर म्हणाली, पेशी सरळ आहेत. जन्माचा काही आजार नाही. जंत आहेत, आणि दोघींच्याही पोटात आहेत. अंकुशासारख्या तोंडाचे, दोऱ्याएवढे बारीक. ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पीत बसतात. "ती बोटांमधली खाज आठवते? तेव्हाच ते आत गेले. बाया जिथे बसतात त्याच वाटेने तुम्ही बांधीत जाता ना?"

दोघींनी माना हलवल्या. माझ्या रक्ताचा आकडा सहा होता. सासूचा पाच. निदान दहा-अकरा तरी हवा होता म्हणे. "तुमचं सुनेहून कमी आहे. कधीपासूनचं आहे कोण जाणे. भरती व्हा."

"हलकं धान कापणीवर आलं. कोण कापते?" सासू म्हणाली. आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. डॉक्टरने दोघींना जंतांचं औषध आणि रक्ताच्या गोळ्या दिल्या, संडास काळं होईल, घाबरू नका, असं सांगितलं. मग स्वतःच म्हणाली, "कागद हवा होता ना तुम्हाला?" आणि लिहून मोठ्याने वाचून दाखवला. सुनेला जन्मजात आजार नाही, शेतातल्या जंतांमुळे रक्त कमी झालं आहे, सासूलाही तोच आजार, आणि तो सुनेहून जास्त आहे. सासूने कागदाची घडी केली आणि पोलक्यात खोचली.

गाडीत बसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो कागद तिच्यापाशी होता. झाकली मूठ सव्वालाखाची, या एका म्हणीवर तिने अख्खा संसार केला होता. विधवा बाई, एकटीने शेत सांभाळलेलं, गावापुढे कधी खोकलीसुद्धा नाही. ती कागद पुलावरून वैनगंगेत टाकेल आणि घरी जाऊन काहीही सांगेल, मी काय करणार होते?

बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग बाहेर पाहतच म्हणाली, "ते कुलपातले तांदूळ मी खाल्ले."

मला आधी समजलंच नाही.

"लग्न होऊन आली तवापासून खातो. तुया सासऱ्याले बी माईत नोहोतं. मले वाटे, तांदळानंच मी अशी होऊन राहिली. माह्यानं सुटले नाई, म्हणून तुये सोडवाले निंगाली होती." मग म्हणाली, "त्या दिवशी तुयावर आलं, अन् मी वांगे चिरत बसली."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, तो राग आजही पूर्ण गेलेला नाही. मी स्वतःला वेडी समजायला लागले होते आणि ती दोन हातांच्या अंतरावर बसून वांगी चिरत होती. एकीकडे हेही समजत होतं की ही बाई वीस-पंचवीस वर्षं तेच मरण चावत आली आहे, आणि तिला तर पकडणारंही कोणी नव्हतं.

लाखनी आली. बाबांचं दुकान बंद होतं. भर दुपारी, बाजाराचा दिवस नसताना बंद. म्हणजे ते निघाले होते.

बाबा ओसरीवर बसले होते, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. नवरा खांबाला टेकून उभा. आणि ओसरीच्या कडेला माझी लोखंडी पेटी आणून ठेवलेली होती. आम्ही नव्हतो तेवढ्यात त्याने ती बाहेर काढली होती. बाबा मला पाहून उठले, माझ्याशी न बोलता सासूकडे हात जोडून म्हणाले, "चुकी झाली असन आमची. पोरीले घेऊन जातो, इलाज करतो. बरी झाली त…"

आमच्याकडे ईन, म्हणजे विहीण, इवाईसमोर येत नाही. डोक्यावरून पदर ओढून दाराआडूनच काय ते बोलते. माझ्या लग्नातसुद्धा बाबांनी सासूचं तोंड पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ती आत जाईल आणि दाराआडून बोलेल, आणि दाराआडून माणूस काहीही बोलू शकतं.

ती आत गेली नाही. पोलक्यातून कागद काढून तिने मुलाच्या हातात दिला. "वाच. जोऱ्यानं वाच."

त्याने वाचला. वाचता वाचता दोनदा अडखळला. वाचून झाला तरी बाबा हात जोडूनच उभे होते. तेव्हा सासूने डोक्यावरचा पदर मागे सारला, सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि बोटाने आपल्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"पाहा, इवाई. नीट पाहा. पांढरी हाये म्हणून पोरगी न्याची असन, त मले बी न्या. मी तिच्याहून पांढरी हावो."

बाबांना कुठे पाहावं ते कळेना. नवरा कागद धरून आईच्या डोळ्यात पाहत राहिला. तिने पापणी सोडली नाही. मी पेटी उचलायला गेले. उचलेना. हातात बळच नव्हतं. नवरा आला, त्याने दुसऱ्या बाजूची कडी धरली, आणि आम्ही पेटी आत नेली.